दारं धरता धरता

पहाटे ३.४५

या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट आहे, म्हणून दिवस इथून सुरू होतो. डोक्याला बॅटरी, हातात खोरं, पायात गमबूट. गव्हाचं एक वाफं भरलं की दारं मोडायचं आणि दुसऱ्याला लावायचं. जानेवारीतली आमच्या उमापूरची थंडी पाण्यातून पायात चढते. विंचूकाट्याची भीती असतेच, आता बिबट्याचीही असते. त्यामुळे कान सतत उघडे.

अशा वेळी माळाच्या बाजूने करवानक ओरडतो. एक शीळ, तिच्यावर दुसरी, तिच्याही वर तिसरी, असा आवाज चढत जातो आणि मग एकदम विझतो. हा पक्षी दिवसा दगडगोट्यांत असा बसतो की दहा पावलांवरून दिसत नाही. रात्री मात्र त्याचाच माळ. मी दारं धरायला लागेपर्यंत तो मला माहीतच नव्हता. खिशातल्या वहीत बॅटरीच्या उजेडात लिहिलं : करवानक, आवाज, दोन दिशांनी, म्हणजे किमान दोन.

थोड्या वेळाने डोक्यावरून पिपाणीसारखा आवाज करत काहीतरी उत्तरेकडे गोदावरीच्या अंगाने गेलं. चक्रवाक. तिबेट-लडाखच्या तळ्यांकाठी वाढलेलं हे नारिंगी बदक थंडीत आमच्या नदीवर असतं. दिसलं नाही, तरी आवाज दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही.

६.४०

उजाडताना ओल्या वाफ्यांवर गर्दी होते. गायबगळे आधी, मग धोबी. पांढरा धोबी आणि पिवळा धोबी दोन्ही, शेपट्या वरखाली हलवत. पाणी भरलं की जमिनीतले किडे वर येतात आणि यांना ते बरोबर कळतं. ही रोजची मंडळी.

आज पाटाच्या कडेला, गवताच्या बुडाशी, एक लहान तपकिरी पक्षी धावला, थांबला, शेपटी उभी केली. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग. मी खोरं टेकवून उभा राहिलो. तो वळला आणि गळा दिसला : निळा, मधे विटकरी ठिपका, खाली काळी कड. थंडीत हा निळा रंग पुरता उघडलेला नसतो, फिकट पिसांच्या कडांतून डोकावतो. निळकंठी. पुस्तकात त्याचं आणखी एक नाव आहे, शंकर. सायबेरियापर्यंतच्या उत्तरेत घरटं करणारा, चिमणीएवढा जीव माझ्या गव्हाच्या पाटावर किडे वेचत होता. तेवढ्यात मागचं वाफं फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं. ते बांधून परत आलो तेव्हा तो तिथेच, हातभर पुढे सरकलेला. पाणी जिथवर पोचलं होतं तिथवरच तो जात होता.

निळकंठी हा काही फार दुर्मीळ पक्षी नाही. ओल्या जागी शोधला तर महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी सापडतो. पण माझ्या वहीत गेल्या चार हिवाळ्यांत तो आज दुसऱ्यांदा आला.

८.३०

लाईट गेली, मोटर बंद. भाकरी खाऊन पुन्हा रानात. गल्लीत निम्म्या घरांना कुलपं आहेत. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, ऊसतोडीला जातात ते पाडव्याच्या सुमाराला परततात. पाहुणे पक्षीही साधारण याच महिन्यांत इथे असतात. गावातल्या ज्या पोरांना पाखरांची घरटी तोंडपाठ आहेत, ती नेमकी तेव्हा साखर कारखान्याच्या तळावर असतात. हे मला मनापासून सलतं.

१०.००

ज्वारीचा हुरडा धरलाय. माळ्यावर माय बसली आहे, हातात गोफण आणि शेजारी वाजवायला पत्र्याचा डबा. भोरड्यांचा थवा आला की आकाशात काळं कापड फडकावल्यासारखं दिसतं. भोरडी म्हणजे पुस्तकातली गुलाबी मैना किंवा पळसमैना. डोकं-पंख काळे, अंग गुलाबी. मध्य आशियापासून पूर्व युरोपपर्यंत दगडांच्या कपारींत घरटी करते आणि तिथे टोळांवर पिल्लं वाढवते. पावसाळा सरायच्या आधीच आमच्याकडे पोचते आणि पळस-पांगारा फुलून गेला की परत निघते. कणसाला दाणा नसतो तेव्हा हीच भोरडी रानातल्या अळ्या आणि नाकतोडे खाते. शेतकऱ्याने दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत, म्हणून सांगतो.

थवा मोजायची रीत सोपी आहे. आधी दहा पक्षी किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचं, मग त्या मापाने शंभर, मग शंभराच्या मापाने सगळा थवा. आज साधारण चौदाशे.

"किती झाल्या रं?" मायने वरून विचारलं.

"चौदाशे."

"माझ्या माहेरी उतरायच्या तवा बाभळ दिसत नव्हती. निसत्या भोरड्याच."

तेही लिहून घेतलं. गावाचं नाव, अंदाजे साल, सांगणारी माय. आमच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची दुसरी नोंद मिळणार कुठून?

दुपारी १.१५

गेवराईला खताच्या कामाला जायचं होतं. वाट वाकडी करून राक्षसभुवनला गोदावरीवर थांबलो. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव १७६३ च्या लढाईसाठी आहे, भाविकांसाठी शनीचं स्थान आहे. मला ते वाळूसाठी हवं असतं. पात्रातल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय उन्हाळ्याच्या तोंडाला उघड्यावर अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही, वाळूत नुसता खळगा. बेट राहिलं तर पिल्लं. आज बेटाच्या जागी पाणी भरलेले खड्डे होते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या थेट धारेपर्यंत गेल्या होत्या. पलीकडच्या काठाला चक्रवाकाच्या तीन जोड्या, उथळात अकरा शेकाट्या, एक सुरय पात्रावर फेऱ्या मारत. वीस मिनिटं थांबलो. वाळूचा हिशेब ब्राशीत होतो, त्यात सुरयाच्या अंड्यांचा रकाना कुठेच नाही.

वरच्या अंगाला पैठणचं धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं आणि १९८६ मध्ये त्याच्या जलाशयाला, नाथसागराला, पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. ओलितासाठी बांधलेलं धरण पक्ष्यांना मानवलं, कारण ते पसरट आणि उथळ आहे. पाणी मागे सरकलं की चिखल उघडा पडतो, गाळपेर होते, बदकांना आणि चिखलपायट्यांना खाणं मिळतं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब तिथे उतरतात, गुलाबी रोहितही उतरतात. संभाजीनगरचे पक्षीमित्र तिथे नेमाने जातात, म्हणून तिथली माहिती आहे. धरणाखाली, आमच्या बाजूला, नदी तीच आणि पाखरंही तीच, पण लिहिणारं कुणी नाही.

४.३०

आजच्या दिवसाचा खरा वेळ हा. गावाबाहेरच्या माळावर कुसळी गवत गुडघ्याएवढं आहे. रातथाऱ्याला पक्षी यायच्या आधी पोचायचं आणि लांब बांधाला टेकून बसायचं. कालच्या रातथाऱ्याच्या जागेवरून बोटाच्या पेराएवढी एक गोळी आधीच उचलून आणली होती. शिकारी पक्षी न पचलेलं तोंडावाटे असं टाकून देतात. काडीने उकलली. नाकतोड्यांचे करवतीसारखे पाय, जबड्याचे चकचकीत तुकडे आणि एका बाजूला सरड्याच्या कातडीचे खवले. पिकावरचे नाकतोडे कोण खातं, याचा हा पुरावा माझ्या तळहातावर होता.

साडेपाचनंतर पहिला भोवत्या आला. हे नाव ज्याने ठेवलं त्याने पक्षी नीट पाहिला होता. पंख इंग्रजी व्हीसारखे किंचित वर धरून, गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने, भोवती-भोवती तरंगत राहतो. झाडावर झोपत नाही, गवतात जमिनीवर झोपतो. एक राखाडी नर, पंखावर काळी रेघ : माँटेग्यूचा भोवत्या. मग दोन माद्या, तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. एकूण सात उतरले.

सातवी, तीही मादी, मला अडवून बसली. पांढुरक्या भोवत्याच्या मादीला गालावरच्या गडद डागामागे फिकट कॉलर असते, माँटेग्यूच्या मादीला ती नसते. उन्हं कलली होती आणि ती एकदाच वळली. कॉलर दिसल्यासारखी वाटली. पांढुरका लिहिला असता तर आजची नोंद भारी झाली असती. मी लिहिलं : भोवत्या, मादी, जात नक्की नाही.

या माळाला कागदोपत्री पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिथे खड्डे खोदून झाडं लावायची किंवा सौर पाट्या टाकायच्या, असं आपोआप ठरतं. असेच माळ होते तेव्हा सोलापूर-नगरकडे माळढोक होता आणि त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आता नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. माळावर गवत वाढणं हेच त्या जमिनीचं पीक आहे, असं माझं ठाम मत आहे.

रात्री ९.१५

जेवण झालं. वहीतल्या नोंदी मोबाईलवर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाला भरतो. नकाशा उघडला की मुंबई-पुण्याभोवती ठिपक्यांचा खच. ठाण्याच्या खाडीत किंवा भिगवणला हिवाळ्यात एखादा वेगळा पक्षी उतरला तर संध्याकाळपर्यंत पन्नास कॅमेरे पोचतात. चांगलंच आहे, त्यांनी बघितलं म्हणून ते कळलं. पण नकाशा बीडकडे सरकवला की पांढरा पडतो. पाहणारा बाहेरचा माणूस म्हणेल, इथे काही नाही.

रानपिंगळा १८८४ नंतर कुणालाच दिसला नव्हता, नामशेष झाला असंच धरलं होतं. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो सापडला तो नंदुरबारमध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात. मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही तो २०१४ मध्ये आढळला. पक्षी होते, बघायला गेलेला माणूस नव्हता.

मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली, म्हणून आज मराठीत पक्षीकोश आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना असते, ती आपल्याकडे १९८७ पासून चालू आहे. दोन्हींसाठी पदवी लागत नाही.

गेवराई, माजलगाव, शिरूर, पाटोद्याकडे राहणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही दारं धरता, ज्वारी राखता, शेळ्या घेऊन माळावर जाता, म्हणजे तुम्ही रोज तिथे असताच. दिसेल ते गावाच्या नावासकट आणि तारखेसकट लिहून ठेवा. ओळखता आलं नाही तर तसं लिहा. नाव गावाकडचंच लिहा, पुस्तकातलं नंतर शोधता येतं.