एलईडीची पट्टी निवडताना

चतुर्थी जवळ आली की मालवणच्या घराघरांत गणपतीच्या माटवीभोवती एलईडीच्या पट्ट्या लागतात. पट्टी मागवण्यापूर्वी आपण थोडे गणित करू या.

पट्टी बहुधा १२ व्होल्टची असते. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणून तीन एलईडी एकसर जोडून उरलेले ३ व्होल्ट रोधावर सोडतात. अशी पट्टी दर तीन दिव्यांनंतरच्या खुणेवरच कापायची, ती यामुळे.

मीटरला ४.८ वॅट घेणारी ५ मीटर पट्टी २४ वॅट, म्हणजे २ अँपिअर घेते. अडॅप्टर मात्र ३० वॅटचा घ्यावा. काठोकाठ भाराने तो तापतो.

आपल्याकडे खरी काळजी खाऱ्या वाऱ्याची. उघड्या पट्टीतले तांबे हिरवे पडते आणि दिवे तीन-तीनने विझतात. म्हणून वेष्टणावर 'आयपी ६५' पाहावे : ६ म्हणजे धूळबंद, ५ म्हणजे पाण्याच्या झोतापासून बचाव. कापलेले टोक सिलिकॉनने बंद करावे. अडॅप्टरमध्ये २३० व्होल्ट येतात. तो ओल्या पडवीत नको.

वर्गात पेटलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांचा विद्युतदाब मल्टिमीटरने मोजू या. दूरच्या टोकाला तो कमी का भरतो, हे मुलांनाच शोधू द्यावे.