कंपासपेटीतली पट्टी आणि पापलेट

‘किनाऱ्यावरच्या पोरांना मासे काय शिकवायचे? ती आईच्या पोटातूनच शिकून येतात.’ हा समज पालघरच्या शाळांमध्येही भेटतो. सातपाटी, मुरबे, नवापूरच्या मुलांना माशांची नावं पाठ असतात, हे खरं. पण बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीमुळे देशभरातून आलेल्या कामगारांची मुलंही इथल्या बाकांवर बसतात. त्यांनी मासा पाहिलेला असतो तो मच्छीवालीच्या पाटीतला. आणि नाव येतं म्हणून माशाचं वय कळतं असं थोडंच आहे!

‘लहान मासा म्हणजे पिल्लू’ हा समज तर मोठ्यांचाही. मूठभर जवळा बाकावर पसरा. तीन-चार सेंटिमीटरांपलीकडे तो सहसा जातच नाही. ती पूर्ण वाढलेली कोळंबीची जात. उलट तळहाताएवढा पापलेट ताटात भरगच्च दिसतो, पण तो बाळच असू शकतो. 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला, आणि त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. कंपासपेटीतली पट्टी असते पंधराची. तिसरीतल्या मुलाला ‘शाश्वत मासेमारी’ हा शब्द सांगू नका, साडेतेरावर पेनाने खूण करायला सांगा.

‘जाळं म्हणजे जाळं, सगळं सारखंच’ हेही खरं नाही. पापलेटच्या दालद्यात, म्हणजे कल्ले अडकवणाऱ्या जाळ्यात, माशाचं डोकं आसात (जाळ्याच्या भोकात) शिरतं आणि कल्ले अडकतात. आस मोठा असला की लहान मासा पार निघून जातो. डोल ही पिशवीसारखी जाळी मात्र भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभी राहते आणि तिच्या बारीक आसाच्या खोल्यात, म्हणजे शेवटच्या टोकात, जवळ्याबरोबर पापलेटची पिल्लंही साचतात. कांद्याच्या जाळीदार पिशवीत वाटाणे आणि बटाटे टाकून हलवलं, की आसाचा धडा पाच मिनिटांत होतो.

पावसाळी बंदी केवळ वादळामुळे असते, असंही मुलं सांगतात. अर्धं बरोबर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका बंद राहतात त्या जीव वाचावेत म्हणून, तसंच प्रजननाला सवड मिळावी म्हणूनही.

‘मासे कमी झाले ते मच्छीमारांमुळे’ हे वाक्य मात्र वर्गात जपून वापरावं. समोर बसलेल्या एखादीचा बाप रात्रीच बोटीवर गेलेला असतो. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मच्छीमारांचीच संस्था. सांडपाण्यामुळेही मासे कमी होतात, हे चौथीच्या मुलांना सहज समजतं. फळ्यावर खाडी काढा, त्यात नाला सोडा, आणि मासे कुठे जातील ते त्यांनाच विचारा.

गृहपाठ एवढाच: घरी आलेला मासा तोंडापासून शेपटीपर्यंत मोजायचा. पट्टी धुऊन मगच कंपासपेटीत, नाहीतर गणिताच्या तासाला आख्खा वर्ग नाक धरून बसेल.