उडालेल्या काडतुसाचे पितळ कसे पारखावे?

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास किंवा पालघरात भंगाराचा धंदा करणाऱ्यांना पितळ नवीन नाही. नळाच्या तोट्या, व्हॉल्व्ह, बुश, पत्र्याचे कात्रण हा रोजचाच माल. पण रायफलच्या उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी हा माल निराळा. पारख असेल तर यासारखे स्वच्छ पितळ नाही. पारख नसेल तर पैसा बुडतो, आणि कधी कधी जीवावरही बेतते. म्हणून ही माहिती.

पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. या प्रमाणातले पितळ सर्वांत जास्त ताणले जाते, म्हणून जाड चकतीपासून दाबून, खेचून लांब पुंगळी तयार करता येते. आपल्या राज्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, तर जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या कारखान्यात लहान शस्त्रांची काडतुसे होतात. अमेरिकेतील भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनेने तर या मालाला स्वतंत्र नावे दिली आहेत. उडालेल्या स्वच्छ पुंगळ्यांना ‘लेक’ आणि भट्टीत तापवून निकामी केलेल्यांना ‘लॅम्ब’ म्हणतात. साधे मिश्र पिवळे पितळ ‘हनी’ या नावाने विकले जाते. सौद्याच्या कागदावर ही नावे आली तर गोंधळू नये.

गोळी सुटताना काय होते?

रायफलमध्ये गोळी सुटते तेव्हा पुंगळीच्या आत हवेच्या दाबाच्या सुमारे साडेतीन हजार पट दाब निर्माण होतो. पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच किंचित आकसून सुटी होते. यासाठी बूड कडक आणि तोंड मऊ असावे लागते. तोंडाजवळ दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा म्हणजे मऊ करण्यासाठी दिलेल्या आचेची खूण आहे, दोष नव्हे. तोंडावरची काजळीही नेहमीचीच.

दोष ओळखायचा तर पुंगळी तोंडापासून बुडापर्यंत फिरवून पाहावी.

तोंडावर किंवा मानेवर उभी चीर असेल, तर तेथील पितळ वारंवार ताणून कडक झाले आहे किंवा धातूत आधीपासून ताण राहिला आहे. बुडाच्या थोडे वर चकचकीत आडवे कडे दिसले, तर तेथील भिंत ताणून पातळ झाली आहे; अशी पुंगळी तेथूनच दोन तुकडे होते. वाकवलेल्या तारेचे टोक आतून फिरवले की तो खड्डा हाताला लागतो. बुडाच्या मध्यभागी असलेली टोपी अगदी चपटी झाली असेल किंवा तिच्याभोवती काळा धूर दिसत असेल, तर दाब प्रमाणाबाहेर गेला होता किंवा टोपीचे घर सैल होते. अंगावर तांबूस डाग असतील, तर तेथील जस्त गंजून निघून गेले आहे.

पावसाळा आणि घोड्यांची पागा

प्रत्येक चीर गोळीबाराने पडत नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची न वापरलेली काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवली जात आणि आपोआप तडकत. कारण पुष्कळ वर्षे कोणाला कळेना. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी खेचताना पितळात राहिलेला ताण ही तीन कारणे एकत्र आली की पितळ फुटते. उपायही सापडला. साधारण २५० ते ३०० अंश आच दिली की ताण उतरतो आणि कडकपणा जवळपास कायम राहतो.

हा धडा आपल्या भागाला आजही लागू आहे. समुद्रकाठची दमट हवा आहे, रासायनिक कारखाने आहेत, मासळीसाठी बर्फाचे कारखाने आहेत. अमोनियाच्या यंत्रणेत पितळेचे फिटिंग का वापरत नाहीत, याचे उत्तर यातच आहे. दाबून बनवलेले पितळी सुटे भाग गोठ्याजवळ, मुतारीलगत किंवा अमोनिया असलेल्या आवारात साठवू नयेत. वितळवण्याच्या भंगाराला चिरांनी फरक पडत नाही. पण तयार मालाला पडतो.

भट्टीत घालण्यापूर्वी

आधी चुंबक फिरवावा. काही पुंगळ्या पोलादी असतात आणि वरून लाखेचा किंवा पितळी मुलामा असतो. तोट्यांचे शिसेमिश्रित पितळ यात मिसळू नये. ते खेचकामाला चालत नाही. जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि पितळ त्याच सुमारास वितळते, म्हणून आच वाढली की जस्त पांढऱ्या धुराने उडून जाते. वजन घटते आणि तो धूर कामगाराला थंडी-ताप आणतो. टोप्यांच्या राखेत शिसे असू शकते. भट्टी मोकळ्या हवेत असावी.

जीव आणि कायदा

बुडावर ठोका दिसला म्हणजे काडतूस उडालेच असे नाही. ठोका बसूनही न उडालेले काडतूस असू शकते. गोळी नसलेल्या सरावाच्या काडतुसाचे तोंड चुण्या घालून मिटलेले असते. ते मिटलेलेच असेल तर आत दारू आहे असे समजावे. ७.६२ मि.मी.ची रिकामी पुंगळी सुमारे १२ ग्रॅमची, म्हणजे किलोत ८०-८५ बसतात. भरलेले काडतूस तिच्या दुप्पट भरते. असे काही सापडले तर हातोडी मारू नये, भट्टीत टाकू नये. बाजूला ठेवून पोलिसांना कळवावे.

शस्त्र अधिनियम १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. सरकारी भंगाराचे लिलाव एम.एस.टी.सी.मार्फत होतात, त्या मालाला कागद असतो. कोणी पोत्यात पुंगळ्या घेऊन दाराशी आला आणि कागद नसेल, तर भाव कितीही स्वस्त असो, माल परत पाठवावा. चार पैशांच्या नफ्यासाठी कोर्टाची पायरी चढणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.