एक जीन बिघडला आणि हार्ट वाचलं

आज बोलूया पीसीएसके९ बद्दल. नाव वायफायच्या पासवर्डसारखं आहे, पण हा आपल्या प्रत्येकात असलेला जीन आहे.

लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर असतात. ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडून आत ओढतात. पीसीएसके९ या जीनपासून बनणारं प्रोटीन नेमके हेच रिसेप्टर नष्ट करतं. २००३ मध्ये काही फ्रेंच कुटुंबांत हे प्रोटीन जरा जास्तच उत्साही निघालं. घरात एलडीएल प्रचंड आणि हार्ट अटॅक लवकर.

मग टेक्सासमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला : कुणात हा जीन बंद पडलेला असेल तर? २००६ च्या त्यांच्या अभ्यासात सुमारे ३,३०० कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्यातल्या २.६ टक्के लोकांत तो खरंच बंद होता. त्यांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं, आणि १५ वर्षांत हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्के कमी! बरं, ही काही योगा करणारी मंडळी नव्हती. बीपी, सिगारेट, डायबेटीस, सगळं होतं.

कंपन्यांना आणखी काय हवं? हे प्रोटीन अडवणारं इंजेक्शन आलं, इव्होलोक्युमॅब. २०१७ च्या फूरिए ट्रायलमध्ये २७,५६४ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं इंजेक्शन. एलडीएल ५९ टक्के उतरलं. पण हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून धोका कमी झाला फक्त १५ टक्के. साध्या हिशेबात, साधारण दोन वर्षांत १०० पैकी ११.३ ऐवजी ९.८ जणांना त्रास झाला. हृदयविकाराने होणारे मृत्यू तर त्या काळात कमी झालेच नाहीत.

म्हणजे औषध फुसकं? नाही हो. जीनवाल्यांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं. ट्रायलमधल्या लोकांच्या रक्तवाहिन्यांत आधीच वर्षानुवर्षांचा थर साचला होता, आणि औषध मिळालं जेमतेम दोन वर्षं. कोलेस्टेरॉल म्हणजे व्याजासारखं आहे : दर किती यापेक्षा किती वर्षं चालू आहे, हे जास्त महाग पडतं. म्हणून विशी-तिशीतला आकडाही मोजायचा असतो.

'मग जीन टेस्ट करू का?' असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. माझं मत : आधी साधी लिपिड प्रोफाइल करा. हजारो जीन जोडून धोक्याचा स्कोअर देणाऱ्या टेस्ट मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या डेटावर बेतल्यात. आपल्याला त्या तितक्या नेमक्या लागू पडत नाहीत. पण वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल, किंवा तुमचं एलडीएल १९० च्या वर असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा : हे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया तर नाही ना? साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो, आणि बहुतेकांना पत्ताच नसतो.