क्वेसारचा प्रकाश आणि आंतरदीर्घिकीय वायू

अतिदूरच्या क्वेसारचा प्रकाश आपणापर्यंत येताना वाटेतील वायूच्या खुणा घेऊन येतो. मार्गातील प्रत्येक हायड्रोजन-मेघ १२१६ आँगस्ट्रॉम तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. परंतु विश्वप्रसरणामुळे प्रत्येक मेघाची ताम्रच्युती भिन्न असल्याने या शोषणरेषा वर्णपटात निरनिराळ्या जागी पडतात. ‘लायमन-आल्फा अरण्य’ म्हणतात ते हेच. रेषांची दाटी वा विरळता म्हणजे त्या दृष्टिरेषेवरील द्रव्यवितरणाचा आलेखच होय.

क्वचित एखाद्या दाट मेघात कार्बन-अणूंच्याही रेषा आढळतात. हे अणू आपल्या सूक्ष्म ऊर्जापातळ्यांत कसे विभागले आहेत, हे विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाच्या तपमानावरही अवलंबून असते. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील डॉ. आर. श्रीआनंद यांनी पेतिजाँ व लेदू यांच्यासह २००० साली २.३४ ताम्रच्युतीच्या मेघात हे तपमान अजमावले. आज ते २.७३ केल्विन आहे. महास्फोटवादानुसार तेथे ९.१ हवे. मिळाले ६ ते १४ यांच्या दरम्यान. मर्यादा रुंद खऱ्या, कारण अणूंच्या टकरी व अतिनील प्रकाश यांचा वाटाही त्यात मिसळतो. तथापि ते आजच्याहून अधिक होते, एवढे निश्चित झाले. महास्फोटवादाचे खंदे टीकाकार डॉ. जयंत नारळीकर त्या वेळी याच संस्थेचे संचालक होते, हे येथे नमूद करावयास हवे.