घर बदललेल्या प्रशिक्षकाचें यश कसें मोजावें

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो पायानें चेंडू लाथाडण्याचा खेळ नव्हे. दोन्ही टोकांस निमुळता असा लांबट चेंडू हातीं घेऊन, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकण्याची ती झुंज असते. तेथील मोठ्या विद्यापीठांचा हा खेळ म्हणजे जीव कीं प्राण. शनिवारीं एकेका क्रीडांगणावर लाखभर प्रेक्षक जमतात, आणि संघाच्या प्रशिक्षकास विद्यापीठाच्या अध्यक्षाहून कितीतरी अधिक वेतन मिळतें. २००७ सालीं अलाबामा विद्यापीठानें निक सेबन यांना आठ वर्षांसाठीं सुमारें ३ कोटी २० लक्ष डॉलर्स देऊं केले. इतक्या मोलानें आणलेला माणूस त्या मोलाचा ठरला कीं नाहीं, हा प्रश्न साहजिकच घरोघरीं निघतो. लोक त्याचें उत्तर जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांच्या गणतीवरून देतात, आणि तेथेंच बहुधा चुकतात.

याचें कारण असें कीं, महाविद्यालयीन खेळाडू हा पगारी सैनिक म्हणून घडविलेला नसतो. तो विद्यार्थी असतो. सतरा-अठराव्या वर्षीं त्याची निवड होते, आणि चार हंगाम खेळून तो बाहेर पडतो. तेव्हां नवा प्रशिक्षक प्रथम मैदानावर उतरतो तो दुसऱ्यानें वेंचलेली मुलें घेऊन. त्यांतून हंगामांतील नियमित सामने अवघे बारा. दोन-तीन सामने शेवटच्या मिनिटास इकडचे तिकडे झाले, कीं शूर तो भेकड ठरतो! पॉल ब्रायंट हे केंटकी सोडून १९५४ सालीं टेक्सास ए अँड एम येथें गेले. जंक्शन नांवाच्या रखरखीत गांवीं त्यांनीं असें कठोर शिबिर भरविलें कीं बहुतेक मुलें पळालीं व सुमारें ३५ उरलीं. त्या वर्षीं संघ दहांपैकीं नऊ सामने हरला. दोनच वर्षांनीं, १९५६ मध्यें, तोच संघ अजिंक्य राहून आपल्या प्रांतिक मंडळाचा विजेता झाला. उन्हांत मुलांना तसें राबविणें आज कोणासही मान्य होणार नाहीं. परंतु पहिल्या वर्षाच्या निकालावरून ब्रायंट यांस घालविलें असतें तर तो निवाडा काय योग्यतेचा ठरला असता, हें उघड आहे.

याहून बोधप्रद प्रकरण मिशिगनचें आहे. वेस्ट व्हर्जिनियांत सात हंगाम गाजविलेले रिच रॉड्रिगेझ २००७ च्या डिसेंबरांत मिशिगनला गेले. जुन्या विद्यापीठानें करारभंगाबद्दल ४० लक्ष डॉलर्सांचा दावा केला, इतकी ती फारकत कडू होती. रॉड्रिगेझ यांची पद्धत अशी कीं, खेळाडू मैदानभर पसरावे आणि क्वार्टरबॅक, म्हणजे डावाचा सूत्रधार, स्वतःच चपळाईनें धांवावा. मिशिगनची मुलें निराळ्याच, धिप्पाड व संथ खेळासाठीं निवडलेलीं. शिवाय मुख्य खेळाडूंपैकीं कांहीं शिक्षण संपवून गेले, तर रायन मॅलेट हा तरुण क्वार्टरबॅक दुसरीकडे निघून गेला. २००८ सालीं तीन विजय व नऊ पराभव झाले. १९६७ नंतर प्रथमच मिशिगनचे पराभव विजयांहून अधिक भरले. पुढें पांच विजय, मग सात. तीन वर्षांअंतीं रॉड्रिगेझ यांस निरोप मिळाला.

त्यांच्या जागीं ब्रेडी होक आले, आणि २०११ च्या पहिल्याच हंगामांत संघानें तेरांपैकीं अकरा सामने जिंकले. वाहवा झाली ती होक यांची! वस्तुतः त्या संघाचा सूत्रधार डेनार्ड रॉबिन्सन हा रॉड्रिगेझ यांनींच आणलेला होता; २०१० मध्यें त्यानें केवळ धांवून १,७०२ यार्ड मिळविले होते. मग होक यांनीं आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, असें म्हणावें काय? तसेंही नव्हे. रॉड्रिगेझ यांची बचावाची फळी खरोखर दुबळी होती, आणि होक यांनीं ग्रेग मॅटिसन यांस आणून तीच सांवरली. पण जुनीं मुलें एकेक करून गेलीं तसे विजय आठ, सात, पांच असे घसरत गेले, व २०१४ च्या अखेरीस होकही गेले. दोघांचें माप त्यांच्या पहिल्या वर्षावरून घेतलें तर दोन्हीं मापें खोटीं पडतात.

म्हणून सोडलेल्या घराकडेही पाहावें लागतें. अर्बन मेयर यांनीं २००४ सालीं यूटाचा संघ अजिंक्य ठेवला व ते फ्लोरिडास गेले. तेथें २००६ चें राष्ट्रीय विजेतेपद मिळालें. त्यांतील क्वार्टरबॅक ख्रिस लीक हा मात्र आधींच्या, काढून टाकलेल्या प्रशिक्षकानें निवडलेला. इकडे यूटा कोसळलें नाहीं. मेयर यांचेच सहायक काइल व्हिटिंगहॅम यांच्या हातीं २००८ सालीं तें पुन्हां अजिंक्य राहिलें, आणि शेवटच्या सामन्यांत त्यानें सेबन यांच्या अलाबामास ३१-१७ असें हरविलें. सेबन यांचें श्रेय मात्र दोन्ही बाजूंनीं टिकतें. लुइझियाना स्टेटला त्यांनीं २००३ चें विजेतेपद दिलें. २००७ मध्यें तें पुन्हां मिळालें तेव्हां संघांत त्यांच्या वेळचीं मुलें होतींच. त्याच २००७ सालीं अलाबामांत त्यांचे सहा पराभव झाले, त्यांतला एक लुइझियाना-मनरोसारख्या लहान संघाकडून. पुढें सहा विजेतीपदें आलीं.

अलीकडे ही फूटपट्टीच आंखूड झाली आहे. पूर्वीं विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूस एक वर्ष बाहेर बसावें लागे. २०२१ पासून तें बंधन सुटलें. त्यामुळें प्रशिक्षक आपला संघ जणूं पाठीवर बांधून नेऊं शकतो. कर्ट सिग्नेटी हे जेम्स मॅडिसन विद्यापीठांतून इंडियानास गेले तेव्हां त्यांच्यामागोमाग तेथील अनेक खेळाडू गेले, आणि २०२३ मध्यें तीनच सामने जिंकलेल्या इंडियानानें २०२४ मध्यें अकरा जिंकले. अशा ठिकाणीं तीन-चार वर्षें थांबण्याचें कारण उरत नाहीं. मात्र मागच्या घराची झालेली रिकामी जागाही हिशेबांत धरली पाहिजे.

रॉड्रिगेझ यांना पुढें ॲरिझोनांत व नंतर जॅक्सनव्हिल स्टेटमध्यें काम मिळालें. डिसेंबर २०२४ मध्यें त्यांना पुन्हां बोलावून घेतलें तें, सतरा वर्षांपूर्वीं त्यांच्यावर दावा लावणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियानेंच.