समुद्रतळाशी जहाज, किनाऱ्यावर रोजगार

अकोले तालुक्यातले भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, ते शेतीच्या पाण्यासाठी. आज त्याच जलाशयाकाठी तंबू, होड्या आणि घरगुती जेवण यांवर अनेक कुटुंबांना चार पैसे मिळतात. मूळ काम वेगळे असलेल्या वस्तूतून रोजगार उभा करण्याचा असाच बेत कोकणात समुद्राच्या तळाशी आखला गेला. २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली, सुमारे ८४ मीटर लांबीची ‘गुलदार’ युद्धनौका सिंधुदुर्गातील निवतीजवळ कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून वापरण्यासाठी राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आली.

वाळूच्या तळावर जिवांना चिकटायला जागा नसते. लोखंडी सांगाड्यावर शेवाळ, कालवे, स्पंज धरतात. आडोशाला लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे. ते पाहायला पर्यटक बुडी मारतात आणि होडीवाल्याला, खानावळीला काम मिळते.

मात्र जहाजातील तेल आणि विषारी रंग आधी काढावे लागतात. शिवाय मासे एका जागी गोळा झाले म्हणजे वाढले असे नव्हे. तिथेच जाळी पडली तर ते झपाट्याने संपतील. भंडारदऱ्यातही काजवे पाहायला आलेल्या गाड्यांचे दिवे काजव्यांच्याच मुळावर येतात. म्हणून पर्यटनाचा हिशेब मांडतानाच मासेमारीबंदीची हद्दही आखायला हवी.